मांडूळ, खवले मांजर आणि कोटींची अफवा : वन्यजीव तस्करीत गावकरीच कसा अडकतो? वाचा सविस्तर

‘मांडूळ आहे का? अडीच किलोच्या वरचं पाहिजे. पार्टी मुंबईची आहे, रोख देणार.’

असा फोन किंवा व्हॉट्सॲप मेसेज ग्रामीण भागात आता नवा राहिलेला नाही. कुणाला मांडूळ हवा असतो, कुणाला खवले मांजर, तर कुणाला वीस नखांचं कासव. भाव लाखात सुरू होतो आणि चहाच्या टपरीवर बोलता बोलता कोटीत जातो. दुष्काळाने, कर्जाने किंवा पडलेल्या बाजारभावाने पिचलेल्या माणसाला वाटतं, एकदाच करू, मुलीच्या लग्नाचं निघून जाईल.

पुढे होतं ते बहुतेक दोनपैकी एक. पार्टी ठग निघते आणि ‘टेस्टिंग’च्या नावाने गावकऱ्याकडूनच पैसे काढून पसार होते. नाहीतर पार्टी म्हणून पाठवलेला माणूस वनविभागाचा किंवा पोलिसांचा बनावट ग्राहक असतो आणि हॉटेलच्या पार्किंगमध्येच हातात बेड्या पडतात. अटकेच्या बातमीत नावं येतात ती गावातल्या पोरांची. मोठा खरेदीदार कोण, हे बऱ्याचदा कळतच नाही.

हे प्राणी नेमके काय आहेत, त्यांना भाव कशाचा, कायदा काय सांगतो आणि शेतात असा प्राणी दिसला तर काय करायचं, याची ही माहिती.

मांडूळ : शेतकऱ्याच्या कामाचा साप

मांडूळ हा बिनविषारी साप आहे. रंग तांबूस-तपकिरी, अंग जाड आणि गुळगुळीत, लांबी साधारण अडीच-तीन फूट. मऊ मातीत, बिळात राहतो आणि रात्री बाहेर पडतो. नांगरट, भुईमूग काढणी किंवा जेसीबीचं काम चालू असताना तो मातीतून वर येतो.

त्याला ‘दुतोंडी’ म्हणतात, पण त्याला तोंड एकच असतं. शेपटी बोथट आणि डोक्यासारखी दिसते, एवढंच. धोका वाटला की मांडूळ डोकं अंगाखाली लपवतो आणि शेपटी पुढे करतो. शत्रूने डोक्याऐवजी शेपटीवर हल्ला करावा, ही त्याची युक्ती. सहा महिने एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, ही नुसती सांगोवांगीची गोष्ट आहे. काही गारुडी शेपटीवर डोळे-तोंड कोरून दुसरं तोंड ‘दाखवत’ असत. त्यात सापाला जखम होऊन तो पुढे मरतो.

मांडूळ अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे उंदीर. शेतातला मांडूळ उचलून नेला की उंदरांवरचा फुकटचा राखणदार गेला. ज्वारी, भात, ऊस, भुईमूग ही सगळी उंदरांची आवडती पिकं. त्यावर औषधाला आणि सापळ्याला किती पैसे जातात हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र हवी. मांडूळासारखाच दिसणारा ‘डुरक्या घोणस’ हाही बिनविषारी साप आहे, पण अंगावरच्या ठिपक्यांमुळे तो आणि अतिविषारी घोणस यांच्यात लोकांची गफलत होते. रात्री बॅटरी घेऊन मांडूळ शोधत फिरणाऱ्याच्या हाताला घोणस लागली तर दवाखाना गाठेपर्यंतचा वेळही मिळेल याची खात्री नाही.

‘अडीच किलो’चा खेळ

या अफवेची खुबी तिच्या अटीत आहे. मांडूळ ठराविक वजनाच्या वरचाच हवा, अमुक इंच जाडीचा हवा, मशिनवर ‘पास’ व्हायला हवा. सापडलेला प्राणी त्या अटीत बसतच नाही. मग ‘थोडं कमी पडतंय, टेस्टिंगवाला बोलवू, त्याचा खर्च द्या’ असं सुरू होतं. गाडीभाडं, लॉजभाडं, टेस्टिंग फी, आगाऊ रक्कम असं करत पैसा जातो तो गावकऱ्याच्याच खिशातून. तांब्याच्या भांड्याने तांदूळ ओढतात, असं सांगणारा ‘राइस पुलर’चा धंदाही याच पद्धतीने चालतो. वस्तू बदलते, बोलणं तेच.

वजन वाढावं म्हणून सापाला बळजबरीने खाऊ घालणं, डबक्यात किंवा पिंपात महिनोन्महिने कोंडणं, असे हालही केले जातात.

मांडुळापासून कॅन्सरचं औषध बनतं, एड्स बरा होतो, घरात ठेवला की गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, हे सगळे दावे खोटे आहेत. त्यातल्या एकालाही विज्ञानाचा आधार नाही.

तरी ही अफवा किती पसरली आहे? वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी या संस्थेने बातम्यांच्या आधारे केलेल्या नोंदीत २०१६ ते २०२१ या काळात देशात मांडूळ तस्करीच्या १७२ घटना आढळल्या. त्यातल्या सर्वाधिक ५९ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. यूट्यूबवरही मांडूळ विक्रीचे व्हिडिओ राजरोस फिरत असल्याचं याच अभ्यासात दिसलं.

खवले मांजर : दात नसलेला, पळता न येणारा

कोकणापासून सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि विदर्भातल्या जंगलातही खवले मांजर आढळतं. नावात मांजर असलं तरी मांजराच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. अंगभर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, लांब चिकट जीभ, तोंडात एकही दात नाही. मुंग्या आणि वाळवी हेच त्याचं अन्न. पुढच्या पायांच्या मजबूत नखांनी ते वारूळ फोडतं आणि जिभेने किडे टिपतं. आंबा, काजूच्या बागेत वाळवीचा त्रास काय असतो हे बागायतदाराला ठाऊक आहे. तिथे हा प्राणी कुठलंही औषध न मारता काम करून जातो. त्याने खोदलेली बिळं नंतर इतर प्राण्यांच्याही उपयोगी पडतात.

धोका दिसला की खवले मांजर पळत नाही, अंगाचा चेंडू करून जागीच पडून राहतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, कारण त्याचे दात खवल्यावर चालत नाहीत. माणसापुढे चालत नाही. माणूस सरळ उचलतो आणि पोत्यात भरतो.

दुसरी अडचण म्हणजे त्याची वीण फार कमी. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. ती त्याला शेपटीच्या बुंध्यावर बसवून फिरवते. डोंगरातून अशी एक मादी गेली तर ती भरून निघायला वर्षं लागतात. पकडलेलं खवले मांजर पाळणंही सोपं नाही. त्याला जिवंत मुंग्या-वाळवी लागते, भीतीने ते खाणं सोडतं आणि बंदिस्त जागेत बऱ्याचदा दगावतं. म्हणून ‘चार दिवस घरात ठेवू, गिऱ्हाईक मिळालं की देऊ’ म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी मेलेला प्राणी उरतो आणि गुन्हा तर झालेलाच असतो.

खवल्यांना भाव कशाचा?

खवले ज्या पदार्थाचे बनतात त्याचं नाव केराटिन. माणसाची नखं आणि केस, बैलाच्या शिंगाचं वरचं आवरण हेही केराटिनच. म्हणजे औषध म्हणून खवल्याची पूड खाणारा माणूस नखं कुरतडून खाल्ल्यासारखंच काहीतरी करत असतो.

चीन आणि व्हिएतनाममध्ये पारंपरिक औषधांत खवले वापरण्याची जुनी समजूत आहे, तिथे मांसालाही मागणी होती. भारतातून खवले ईशान्येकडच्या राज्यांतून म्यानमारमार्गे बाहेर जात असल्याचं कारवायांतून वेळोवेळी दिसलं आहे. जगात खवले मांजराच्या आठ जाती आहेत, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला झालेल्या ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत आठही जातींच्या व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. २०२० मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषध-यादीतून खवले वगळले. तरी चोरटा बाजार थांबलेला नाही.

‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या माहितीनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात अवैध व्यापारात किमान १,२०३ खवले मांजरं सापडली. यात ओडिशा पहिला आणि महाराष्ट्र दुसरा. ही फक्त पकडली गेलेली. न पकडलेल्यांचा हिशेब कुणाकडे नाही.

आणखी कोणते प्राणी या फेऱ्यात आहेत?

- कासव : ‘वीस नखी’ कासवाने पैशाचा पाऊस पडतो, ही भोंदूंची आवडती थाप. तारांकित कासव (स्टार कासव) घरात शोभेला किंवा ‘लक्ष्मी’ म्हणून पाळलं जातं. आपल्याकडचं कुठलंही रानातलं, नदीतलं कासव घरी ठेवणं हा गुन्हा आहे.
- घोरपड : मांस, तेल आणि कातड्यासाठी मारली जाते. ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. देव्हाऱ्यात काय ठेवलं जातंय, हे घेणाऱ्याला माहीतही नसतं.
- घुबड : दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी पकडलं जातं. घुबडही उंदीर खाणारं, म्हणजे शेतकऱ्याच्याच बाजूचं.
- बिबट्या, वाघ : नखं, दात, मिशा, कातडी. गळ्यात वाघनख घालून फोटो टाकणाऱ्यालाही ‘हे आलं कुठून’ याचं उत्तर द्यावं लागतं.
- पोपट : पिंजऱ्यातला आपला देशी पोपट हाही वन्यपक्षीच. बाजारात सहज मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हा मुख्य कायदा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. गावकऱ्याने लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी अशा :

१. ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, जाळ्यात अडकवणं, सापळा लावणं, हुसकावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याने शिकारच.

२. अनुसूची एक मधले प्राणी : वाघ, बिबट्या, खवले मांजर, घोरपड, अजगर यांना सर्वात जास्त संरक्षण आहे. या प्राण्यांच्या गुन्ह्यात किमान तीन आणि कमाल सात वर्षे तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. पुन्हा तोच गुन्हा केला तर दंड किमान एक लाख. इतर संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

३. मदत करणाराही आरोपी. गाडी चालवणारा, गिऱ्हाईक आणून देणारा, घरात ठेवून घेणारा, फोटो पाठवून सौदा जमवणारा. प्रयत्न आणि साथ, दोन्हींना मूळ गुन्ह्याइतकंच धरलं जातं.

४. सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. प्राणी किंवा त्याचा अवयव ताब्यात सापडला तर ताबा बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे ज्याच्याकडे सापडला त्याने दाखवायचं. ‘मला माहीत नव्हतं, मित्राने पिशवी दिली’ एवढ्याने भागत नाही.

५. गाडी जप्त. गुन्ह्यात वापरलेली मोटरसायकल, चारचाकी, बंदूक, जाळं सगळं जप्त होतं. हप्ते मात्र चालूच राहतात.

६. वन्यप्राणी सरकारी मालमत्ता. आपल्या शेतात, आपल्या विहिरीत सापडला तरी तो आपला होत नाही. काही कारणाने ताब्यात आलाच तर ४८ तासांच्या आत वनविभागाला किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पैशाचा पाऊस, गुप्तधन असा अघोरी प्रकार असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू शकतो. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते ५० हजार रुपये दंड आहे.

साखळीत गावकरी कुठे?

या धंद्याची उतरंड पाहिली की हिशेब लगेच लागतो. सर्वात खाली प्राणी पकडणारा, बहुतेक वेळा मजूर, गुराखी किंवा अल्पभूधारक. त्याच्या वर तालुक्याचा दलाल, मग शहरातला, मग राज्याबाहेरचा. पकडणाऱ्याला मिळालेच तर काही हजार मिळतात. भाव चढतो तो वरच्या पायऱ्यांवर. धोका मात्र उलटा. प्राणी घेऊन उघड्यावर उभा राहतो तो खालचा माणूस. वरचा फक्त फोनवर असतो आणि सिमकार्ड बदलतो.

त्यानंतरचा खर्च कुणी सांगत नाही. जामीन सहज होत नाही. वकील, तालुक्याच्या कोर्टातल्या तारखा, बुडालेली मजुरी, वर्षानुवर्षे चालणारा खटला. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आली की पोराच्या नावापुढे वनगुन्हा दिसतो. सोयरीक जुळवताना पाहुणे विचारतात. एका सापासाठी दावणीचा बैल किंवा अर्धा एकर रान विकायची पाळी येते.

असा प्राणी सापडला तर काय करायचं?

- शेतात दिसला तर : जाऊ द्या. नांगर, ट्रॅक्टर पाच मिनिटं थांबवा, तो आपल्या वाटेने निघून जातो.
- घरात किंवा गोठ्यात आला तर : वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकावर फोन करा किंवा आपल्या बीटच्या वनरक्षकाला कळवा. सर्पमित्राला बोलावलं तर साप पकडल्याची माहिती वनविभागाला दिली का, कुठे सोडला, हे विचारायला संकोच करू नका.
- विहिरीत पडला तर : गर्दी करू नका, दगड मारू नका. जमत असेल तर टेकायला शिडी किंवा दोराला बांधलेली फळी सोडा आणि वनविभागाची वाट पाहा.
- जखमी असेल तर : अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. साप किंवा खवले मांजर असेल तर हवेसाठी भोकं असलेला मोठा डबा किंवा टोपली चालते. दूध पाजू नका, खायला घालू नका. खवले मांजर चेंडू होऊन बसलं असेल तर ते उघडण्यासाठी ओढू नका, पाणी ओतू नका. कुत्री लांब ठेवा.
- मेलेला दिसला तर : नख, दात, खवला काहीही काढू नका. जागेवरच ठेवून कळवा.
- फोटो-व्हिडिओ : सापडलेली जागा सांगत स्टेटस ठेवू नका. त्या स्टेटसवरूनच दलाल गावात येतात.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

*फोनवर नुसती चौकशी केली तर गुन्हा होतो का?*
चौकशी सौद्यापर्यंत गेली, फोटो पाठवले, भाव ठरला, तर तपासात तेच चॅट पुरावा म्हणून समोर येतं. उत्तर न देता नंबर वनविभागाला किंवा पोलिसांना देणं चांगलं.

*आजोबांच्या काळापासून घरात कातडं किंवा शिंग आहे, मग?*
त्याचं मालकी प्रमाणपत्र असेल तर जपून ठेवा. नसेल तर विकायचा, कुणाला द्यायचा विचारही करू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून रीतसर सल्ला घ्या.

*बिबट्याने अंगावर झेप घेतली तर काय कायदा बघत बसायचं?*
नाही. जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेला प्रतिकार हा गुन्हा नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. पण जो आधीच बेकायदा शिकार करत होता त्याला ही सवलत नाही.

*रानडुकरासाठी लावलेल्या फासात दुसराच प्राणी अडकला तर?*
फास, जिवंत वीजतार, गावठी बॉम्ब यांत बिबट्या किंवा खवले मांजर सापडलं तर गुन्हा लावणाऱ्यावरच. वीजतारेने तर शेजाऱ्याचा, कधी घरच्याच माणसाचा जीव जातो. पीक नुकसानीसाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, तो मार्ग वापरावा.

*माहिती देणाऱ्याचं नाव बाहेर येतं का?*
नाव गुप्त ठेवा असं आधीच स्पष्ट सांगा. गुन्हा उघड करायला मदत करणाऱ्याला बक्षीस देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

गाव काय करू शकतं?

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था खवले मांजराच्या संरक्षणासाठी गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम करते. ज्या गावांत हा प्राणी पकडून खाल्ला किंवा विकला जायचा, तिथल्याच लोकांना त्याची राखण करायला उभं करायचं, ही तिची पद्धत. फेब्रुवारीचा तिसरा शनिवार जगभर खवले मांजर दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात २०२० मध्ये ‘खवलोत्सव’ साजरा झाला. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या कोकणात खवले मांजराची प्रतिकृतीही पालखीत बसली. कायद्याच्या धाकाने जे होत नाही ते अशा गोष्टींनी होतं. प्राणी ‘आपला’ झाला की त्याला विकायला निघालेल्याला गावच अडवतं.

एवढा मोठा कार्यक्रम प्रत्येक गावाला जमेलच असं नाही. पण ग्रामसभेत हा विषय एकदा घेणं, वनरक्षकाचा आणि १९२६ हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिणं, शाळेत पोरांना मांडुळाला तोंड एकच असतं हे सांगणं, बाहेरगावची माणसं ‘जडीबुटी’ किंवा ‘माल’ विचारत फिरताना दिसली तर पोलीस पाटलांच्या कानावर घालणं, एवढं कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मांडुळाच्या भावाचा मेसेज आला तर ग्रुप ॲडमिनने तो तिथेच काढून टाकावा. आणि तरण्या पोरांना घरातल्या मोठ्यांनी स्पष्ट सांगावं, की साप विकून आलेल्या पैशावर कुणाचं घर उभं राहिल्याचं गावात कुणी पाहिलेलं नाही.

लक्षात ठेवा

हॅलो फॉरेस्ट (महाराष्ट्र वनविभाग) : १९२६
आपत्कालीन पोलीस मदत : ११२
याशिवाय आपल्या भागातील वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालय आणि जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक यांच्याकडेही माहिती देता येते.